मास्तरांनी बेतलेलं झाकण

काळजी करायला मास्तरांना कधी कारण लागत नसे. गिऱ्हाईक वेळेवर आलं नाही तर त्याला वाटेत अपघात झाला असेल, आणि वेळेआधी आलं तर ते भांडायलाच आलं असेल, अशी त्यांची दोन्हीकडून तयारी असायची. दुकानाला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. बायको म्हणायची, "अहो, ते कुलूप चोर नाही तोडणार, एक दिवस तुम्हीच तोडाल." जन्मभर शिवणकाम केलेल्या या माणसाच्या हातून कुणाचं कापड वाया गेल्याचं ऐकिवात नाही. तरी कैची लावण्याआधी ते माप तीनदा घेत, आणि तिसऱ्यांदाही त्यांच्या मनात पाल चुकचुकतच असे.

तर अशा माणसाकडे जावयाने मासा सांभाळायला दिला.

मासा साधासुधा नव्हता. वीतभराहून लांब, काळाकुळकुळीत, अंगावर एक खवला नाही, सुरीच्या पात्यासारखा चपटा. पोटाखालून शेपटीपर्यंत एकच लांब पर, आणि तो सारखा लहरत असायचा. पुढे जायचं असो की मागे, मासा अंग न हलवता नुसता त्या परावर चालायचा. मास्तरांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय झालर लावलीय कुणी!"

हा मासा जावयाच्या आईचा. ती गेल्या वर्षी गेली. जावई मुळातच मितभाषी, आई गेल्यापासून तर त्याने तोंडात मिठाची गुळणीच धरली होती. तिच्यासाठी तो रडलाही नव्हता. कामावर जायचा, घरी यायचा, माशाला खाणं टाकायचा आणि टाकीसमोर बसून राहायचा. मग त्यांचं घर दुरुस्तीला निघालं, भिंती फोडायच्या ठरल्या, आणि त्या धुळीत मासा जगायचा नाही म्हणून टाकी मास्तरांकडे आली. टेम्पोतून उतरवून देताना जावई एवढंच म्हणाला, "आईचा आहे." लेक मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "बाबा, डोळ्यांत तेल घालून बघा हं. याला काही झालं ना, तर हे…" पुढचं तिने गिळलं.

अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करण्यात मास्तरांचा हात कोण धरणार! ते रोज वेगळं पुरं करायचे. एक दिवस त्यात जावई कायमचा मुका व्हायचा, दुसऱ्या दिवशी लेक हातात पिशवी घेऊन माहेरच्या दारात उभी राहायची. त्यातून जावई पुलांच्या तपासणीवर नोकरीला. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी केसाएवढी भेग हुडकून काढायची, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. अशा माणसापासून काय लपून राहणार?

टाकी मास्तरांनी दुकानातच ठेवली, कापड बेतायच्या लांब टेबलाच्या टोकाला. घर दुकानाच्या मागेच होतं, पण मागच्या खोलीत आपलं लक्ष राहणार नाही असं त्यांना वाटलं. आणि तिथेच घोळ झाला, कारण त्या टोकाला आजवर इस्त्री ठेवायची जागा होती. इस्त्रीचं स्टँड त्यांनी दुसरीकडे हलवलं खरं, पण हाताला कोण सांगणार? एका दुपारी कोटाची कॉलर दाबून झाली आणि कॉलरीवरची नजर न काढता मास्तरांनी तापलेली इस्त्री नेहमीच्या जागी ठेवून दिली. टाकीवरच्या काचेच्या झाकणावर.

तड् असा आवाज झाला आणि झाकणाचे दोन तुकडे झाले. शिंप्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. नशीब एवढंच, की पाण्यात काही पडलं नाही आणि मासा त्याच्या लपायच्या नळीत होता.

बायको समोर बसून काजं करत होती. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "फुटली तर फुटली. लेकीला फोन करून सांगून टाका."

"काय सांगू? तुझ्या सासूच्या माशाला इस्त्री केली म्हणून सांगू?"

"मासा धडधाकट आहे ना?"

"आज आहे," मास्तर म्हणाले.

त्यांनी टाकीवर पुठ्ठा ठेवला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते मागच्या खोलीत पाणी प्यायला गेले असतील नसतील, तोच दुकानातून ओल्या फडक्याने जमिनीवर मारल्यासारखा आवाज आला. येऊन बघतात तो पुठ्ठा तिरपा झालेला, नळी रिकामी, टाकी रिकामी. टेबलाखाली चिंध्यांचा ढीग होता. त्या आठवड्यात त्यांनी काळे कोट शिवले होते, त्यामुळे ढिगात सगळ्या काळ्या चिंध्या, काळंच अस्तर, काळ्याच पट्ट्या. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी चिंध्या उपसू लागले. हाताला लागेल ते गुळगुळीत असायचं आणि ते अस्तर निघायचं. "अगं, ये ग, ये लवकर," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी अस्तराची एक पट्टी आपणहून हलली. तिच्या कडेला झालर होती.

मासा पाण्यात गेला, थोडा वेळ कलंडला, मग सावरून नळीत शिरला. त्याच्या अंगाला दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. तो सुटून वर तरंगत येईपर्यंत मास्तर टाकीसमोरून हलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

रंगीत मासे विकणाऱ्या दुकानदाराने सगळं ऐकून मान हलवली. "हा उडी मारणारच. अंधार पडला की याचा दिवस सुरू होतो. पुठ्ठा काय, हलकी काचसुद्धा नाकाने उचलेल. लाकडी झाकण करून घ्या, चांगलं जड. तुमची टाकी जुन्या मापाची, तयार काही मिळायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा. याला खवले नसतात. कसला उग्र वास, कसलं औषध, सगळ्यात आधी याला बाधतं."

लाकडी म्हटल्यावर सुताराकडे जावं, एवढं कुणालाही कळेल. मास्तरांच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे सुताराचंच दुकान होतं, आणि मिस्त्री माणूसही मदतीला धावणारा होता. पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यांना सांगावं तर ते लेकीला रस्त्यातच गाठून सांगतील, ही मास्तरांची भीती. म्हणून मास्तर गेले ते मनात खोटं रचूनच.

"मिस्त्री, जरा फळ्या हव्या होत्या. आणि करवत दोन दिवस."

"फळ्या? शर्टाला लावणार का?"

"मशीनला झाकण करतोय. धूळ बसते."

"इतकी वर्षं बसली ती? आणा माप, संध्याकाळपर्यंत करून देतो."

"नको. हौस आहे मला."

"हौस? तुम्हाला?" मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून मास्तरांकडे नीट निरखून बघितलं. पण फळ्या दिल्या, करवत दिली, आणि वर स्क्रू फुकट दिले.

मास्तरांनी काम सुरू केलं ते शिंप्याच्या रीतीने. खाकी कागद पसरून टाकीचा ड्राफ्ट काढला. लांबी, रुंदी, हवेच्या नळ्या जायची खाच, खाणं टाकायला पुढे बिजागरीची झडप, आत दिवा. मग निळ्या खडूने फळ्यांवर खुणा केल्या आणि मागच्या अंगणात करवत हाती घेतली. कैची जशी कापडात चालते तशी करवत लाकडात चालत नाही, हे त्यांना पहिल्या चार इंचांतच कळलं. कापड चुकलं तर ओढूनताणून वेळ मारून नेता येते, लाकूड कुणाच्या बापाला भीत नाही. त्यांचा अंगठा सोलवटला, चष्म्यावर भुसा बसला. दर थोड्या वेळाने ते करवत टाकून दुकानात धावत जात, पुठ्ठ्यावर ठेवलेल्या कापडाच्या जड ताग्याखाली मासा आहे ना ते पाहत, आणि परत येत. गिऱ्हाइकं खोळंबली. एका बाईंचं पोलकं त्यांनी उलटं शिवलं, आणि अशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

सरस वाळला, स्क्रू बसले, पेटी तयार झाली. नवरा-बायकोने दोन बाजूंनी धरून ती टाकीवर ठेवली. थोरल्याची टोपी धाकट्याच्या डोक्यात घातली तर ती जशी नाकापर्यंत येते, तशी पेटी टाकीवरून सरसर खाली उतरली आणि थेट टेबलावर जाऊन टेकली.

मास्तर बघतच राहिले. माप तर तीनदा घेतलं होतं.

बायकोने खाकी कागद उचलला, फळीवरची खडूची रेघ पाहिली आणि तोंडाला पदर लावला. "अहो, तुम्ही चारी बाजूंनी माया सोडलीत!"

माया म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड. ते सोडल्याशिवाय शिंपी कैची लावत नाही, आणि मास्तरांच्या हाताने लाकडालाही ते इमानेइतबारे सोडलं होतं. बायको हसत होती. मास्तर मात्र स्टुलावर बसले आणि त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. "माझ्याच्याने होणार नाही हे. मासा मरणार. आपल्या लेकीचा संसार माझ्या हातून…"

"काहीतरी बोलू नका. ढिला कपडा परत आला तर काय करता?"

"आत घेतो."

"मग घ्या की आत!"

त्यांनी पेटीच्या आतून चारी बाजूंनी पट्ट्या मारल्या. आता झाकण त्या पट्ट्यांवर टाकीच्या कडेला बसलं, आणि वरून एवढं घट्ट आणि जड, की मास्तरांनी खालून मुठीने ढकलून बघितलं तरी हललं नाही. झडप उघडली, मिटली. दिवा लागला. मास्तरांना अर्धा दिवस चांगला गेला. मग त्यांच्या मनात आलं की पाण्याच्या वाफेने लाकूड फुगेल, वाकेल, आणि वाकलेल्या फटीतून मासा पुन्हा बाहेर येईल. ते पुन्हा मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी वार्निशचा डबा काढून दिला. "हे कडक आहे. मशीनच्या झाकणाला एकदा मारलंत की तुमचे नातू वापरतील."

मास्तरांनी आतून-बाहेरून दोन हात मारले आणि झाकण अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. वास असा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. आठवडाभर उन्हात ठेवायचं, मगच टाकीवर चढवायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. दुकानदाराचं बोलणं ते विसरले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, आम्ही निघालोय. यांना एकदा मासा बघायचाय. दुपार टळायच्या आत पोचतो."

मास्तरांनी फोन ठेवला आणि टाकीकडे पाहिलं. वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तागा. केसाएवढी भेग पकडणारा माणूस आत पाऊल टाकताच विचारणार, काच कुठे गेली? अंगणात झाकण होतं. वरून बोट लावलं तर हाताला चिकटत नव्हतं. थोडाच वेळ, त्यांनी स्वतःला समजावलं. ते येतील, बघतील, चहा घेतील, जातील. तेवढा वेळ काय होतंय? बायको बाजारात गेली होती, नाहीतर तिने हात धरला असता. एका भीतीने दुसऱ्या भीतीचं तोंड दाबलं आणि मास्तरांनी झाकण एकट्याने उचलून टाकीवर बसवलं. दिसायला ते खरोखर छान दिसत होतं.

लेकीच्या आधी मिस्त्री आले, करवत न्यायला. दारातच थबकले.

"मास्तर, तुमचं मशीन पोहतं का हो?"

मास्तर ओशाळं हसले. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी नाक फेंदारून वास घेतला. "कधी मारलं वार्निश?"

"काल."

"काल! अहो, मशीनसाठी म्हणून मी ते दिलं. खाली जिवंत प्राणी आहे हे सांगायला काय झालं होतं? बंद पेटीत कोंडलंय ते सगळं. उघडा, उघडा आधी!"

मास्तरांनी झडप उचलली आणि आतला भपकारा सरळ त्यांच्या तोंडावर आला. खाली, वाळूवर, नळीच्या बाहेर मासा आडवा पडला होता. एका कुशीवर. झालर हलत नव्हती.

मिस्त्रींनी एकट्याने झाकण काढून बाहेर नेलं. दारं-खिडक्या उघडल्या, पंखा पुरा सोडला. मास्तर टाकीसाठी भरून ठेवलेल्या शिळ्या पाण्याची बादली घेऊन आले, निम्मं टाकीत गेलं, निम्मं पायांवर सांडलं. मासा पडला होता तसाच राहिला. मास्तर काचेला कपाळ टेकवून त्याच्याशी बोलू लागले. "ऊठ रे. माझं चुकलं. ऊठ बाबा."

"बाबा?" दारात लेक उभी होती. तिच्या मागे जावई.

लपवायला आता काहीच उरलं नव्हतं. टाकी उघडी होती, जमिनीवर पाणी होतं, आणि वार्निशचा वास रस्त्यापर्यंत पोचला होता. मास्तरांनी एका दमात सगळं सांगितलं, इस्त्री, काच, चिंध्या, झाकण, सगळं, आणि शेवटी म्हणाले, "जावईबापू, मी तुमच्या आईचा मासा मारला."

जावयाने पंखा बंद केला, टाकीचा दिवा बंद केला, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. तळाशी नेला. माशाच्या जवळ तळवा उघडा ठेवून तो थांबला. लेकीने पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. मासा हलला नाही.

"घाबरला की तो असाच पडून राहतो," जावई म्हणाला. पण त्याच्या आवाजातच धीर नव्हता. "आईने हात घातला की उठायचा. तिच्या हातावर येऊन झोपायचा." त्याने तळवा थोडा पुढे नेला. "माझ्या हातावर कधीच आला नाही." मग हात बाहेर काढून तो तसाच ठिबकत उभा राहिला.

मास्तरांना काय वाटलं कुणास ठाऊक. रोज संध्याकाळी दुकान मिटल्यावर ते काय करायचे हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आपलं काही चुकत असेल अशी तिथेही भीती होतीच. त्यांनी बाही न सावरताच हात पाण्यात घातला आणि बोटं सैल सोडून तळाशी टेकवली. सुईने भोकं पडलेली, खडूने निळी झालेली बोटं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग झालरीची शेवटची कड थरथरली. मग मधली. मासा कुशीवरून सरळ झाला, मागच्या मागे सरकत आला, आणि मास्तरांच्या तळहातावर आपलं सगळं अंग टाकून निवांत पडला.

मिस्त्री "जगला!" म्हणून ओरडले आणि लगेच गप्प झाले, कारण जावयाचा चेहरा त्यांनी पाहिला होता. जावई वळला आणि मागच्या खोलीत निघून गेला. लेक दोन पावलं त्याच्यामागे गेली आणि दारात थांबली.

मास्तरांना वाटलं, आपण हे करायला नको होतं. ज्याची आई गेली त्याच्यासमोर आपण हे काय करून बसलो? तेवढ्यात आतून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग आवरायचं सोडून दिल्यासारखा. मोठा माणूस रडत होता, लहान मुलासारखा मोठ्याने. लेकीने मागे वळून बापाकडे पाहिलं. तिचेही डोळे वाहत होते, पण घाबरलेले नव्हते. ती आत गेली. मिस्त्रींनी करवत उचलली आणि ते पाय न वाजवता रस्ता ओलांडून गेले.

मास्तरांना आत जायचं होतं. जावयाच्या पाठीवरून हात फिरवावा असं फार वाटत होतं. पण हात निघत नव्हता. त्यावर मासा झोपला होता. खांदा भरून आला, बाही कोपरापर्यंत भिजली, पाय लटपटू लागले, तरी ते वाकलेलेच राहिले. आतला आवाज ते ऐकत होते, आणि तो थांबला की त्यांना धडकी भरत होती, सुरू झाला की आणखी भरत होती.

बऱ्याच वेळाने जावई बाहेर आला. डोळे लाल, नाक लाल. त्याने पाण्यात बघितलं. मग मशीनपुढचं स्टूल उचललं, आवाज न करता मास्तरांच्या मागे आणून ठेवलं आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "एकदा टेकला की लवकर उठत नाही तो."

मास्तर बसले.